व्याख्येचा परिच्छेद तपासताना
‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ यावरचा परिच्छेद तपासताना आधी शुद्धलेखनाकडे नव्हे, व्याख्येच्या व्याप्तीकडे पाहावे. भारतीय न्यायशास्त्राने व्याख्येचे तीन दोष सांगितले: अतिव्याप्ती, अव्याप्ती, असंभव. वर्गात पहिले दोनच वारंवार भेटतात. ‘द्रवाचा वायू होणे’ लिहिले, तर उकळणेही त्यात येते, ही अतिव्याप्ती. ‘पाण्याची वाफ होणे’ लिहिले, तर स्पिरिट, पेट्रोल बाहेर राहतात, ही अव्याप्ती. द्रवाच्या पृष्ठभागावरून आणि उत्कलनबिंदूच्या खालीही, हे दोन मुद्दे आले की व्याख्या उभी राहते. ‘ओले कपडे वाळतात’ हे उदाहरण झाले, व्याख्या नव्हे. तरी पाठ केलेल्या ओळीपेक्षा मला ते मोलाचे वाटते. शेऱ्यात नुसते ‘अपुरे’ लिहू नये. ‘मग उकळणे वेगळे कसे?’ असे विचारावे.