‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ : एका काडीचा फरक मुलांना कसा शिकवावा?

इंदूरच्या पोलोग्राउंड भागात मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालय आहे आणि त्याच्या भोवती औद्योगिक वसाहत. नुकतेच वाचू लागलेल्या मुलाला ‘र’ शिकवायचा असेल तर याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल. ‘पोलोग्राउंड’मध्ये ‘ग’च्या पोटाला तिरकी रेघ आहे. ‘मार्ग’मध्ये ‘ग’च्या डोक्यावर आकडा आहे. वीज कंपनीच्या कारभारात हरघडी येणारा, हिंदीत ‘ट्रांसफार्मर’ असा लिहिला जाणारा शब्द तर ‘र’चे प्रदर्शनच आहे. ‘ट’खाली उलटी टोपी, ‘म’वर रफार आणि शेवटी आख्खा ‘र’.

हे सारे हिंदी शाळेत जाणारे मूल पहिली-दुसरीत शिकून घेते. हिंदी शिक्षक त्यांना ‘रेफ’ आणि ‘पदेन’ म्हणतात, मराठी शिक्षक ‘रफार’ आणि ‘रकार’. नावे वेगळी असली तरी चिन्हे तीच आहेत. त्याच मुलाने घरी आजीचे मराठी पुस्तक उघडले आणि ‘दुसऱ्या दिवशी’ हे दोन शब्द समोर आले, की मात्र गाडी अडते. ‘स’ आणि ‘या’ यांच्यामध्ये जी वळणदार आडवी काडी आहे, ती त्याने आजवर कोणत्याही पाटीवर पाहिलेली नसते. जोडाक्षरातल्या ‘र’चे हे चौथे रूप हिंदीच्या रूढ लेखनात नाहीच. (हिमालयापलीकडे नेपाळीत मात्र ते रोज लागते.)

इंदुरात हा प्रश्न किरकोळ नाही. होळकरांच्या या राजधानीत १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि पुढच्याच वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन. १९३५ मध्ये पुन्हा दोन्ही भरली. मराठी संमेलनाचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी होते आणि हिंदीचे पुन्हा गांधीजी. त्याच हिंदी संमेलनातून नागरी लिपीच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली. तिचे संयोजक होते काका कालेलकर, जन्माने साताऱ्याचे, म्हणजे ज्यांच्या जन्मगावाचे नाव विभक्ती लागताच त्या चौथ्या ‘र’शिवाय लिहिता येत नाही असे गृहस्थ. २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन तिसऱ्यांदा इंदुरात आले. आज तिथल्या अनेक मराठी घरांत मुले मराठी सफाईने बोलतात, लिहितात मात्र हिंदी नाहीतर इंग्रजी. लिपी एकच असल्यामुळे ‘वाचता तर येतेच’ असे पालकांना वाटते, आणि वाचन नेमके कुठे अडते हे लक्षात येईपर्यंत मूल मराठी पुस्तकापासून दूर गेलेले असते.

गोव्यातील वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. इथलेही मूल एकाच देवनागरीत मराठी, कोकणी आणि हिंदी वाचते. एका भाषेची लेखनसवय दुसरीत घुसणे इथेही नित्याचे आहे.

बहुतेक अंकलिप्यांत आणि वर्गांत ‘र’ची रूपे चित्रांसारखी शिकवली जातात. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’, ‘दुसऱ्या’ अशी चार चित्रे फळ्यावर काढायची आणि मुलांनी ती पाठ करायची. यात अडचण अशी की चित्र पाठ झाले तरी नवा शब्द ऐकल्यावर कोणते चित्र काढायचे, हे मुलाला उमगत नाही. खरे पाहता रूपे चार असली तरी प्रश्न दोनच आहेत. पहिला प्रश्न, ‘र’ आधी ऐकू येतो की नंतर? ‘चक्र’मध्ये आधी ‘क्’ आणि मग ‘र’ येतो, म्हणून रकार. ‘ट्रक’मध्येही तेच. तिथे उच्चाराचा काही फरक नाही. ‘ट’ आणि ‘ड’ यांना तिरकी रेघ टेकवायला उभा दांडा नाही, एवढेच त्या उलट्या टोपीचे कारण. हे सांगितले की चारांतले एक चित्र आपोआप कमी होते. ‘सूर्य’मध्ये ‘र्’ आधी आणि ‘य’ नंतर, म्हणून रफार.

रफाराच्या बाबतीत सर्वांत अधिक चुकणारा शब्द ‘आशीर्वाद’ असावा. लग्नपत्रिकांपासून दुकानांच्या नावांपर्यंत तो ‘आर्शीवाद’ असा दिसतो, आणि ही चूक हिंदीत व मराठीत सारख्याच इमानाने होते. तिचे कारण डोळ्यांत आहे. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून तो त्या अक्षराबरोबर किंवा त्याच्या नंतर उच्चारायचा, असे मुलाला वाटते. प्रत्यक्षात ज्याच्या डोक्यावर रफार, त्याच्या आधी ‘र्’चा उच्चार. मुलाला ‘आ, शीर्, वा, द’ असे तोडून म्हणायला लावावे आणि ‘र्’ कोणाच्या दारात थांबला ते विचारावे. तो ‘वा’च्या दारात थांबला, म्हणून ‘वा’च्या डोक्यावर. ‘दूरदर्शन’ हा शब्दही याच सरावासाठी चांगला. त्यात पहिला ‘र’ पूर्ण आणि दुसरा रफार, हे कानाला स्वच्छ कळते. तरी लिहिताना ‘दुर्दर्शन’ होते, आणि त्याचा अर्थ फारसा शुभ नाही.

आता दुसरा प्रश्न, जो केवळ मराठी मुलालाच पडतो. ‘र्’ आधी आणि ‘य’ नंतर हे ठरले, तरी रफार द्यायचा की काडी? गोव्यात याचे उदाहरण दूर शोधायला नको. दर्या म्हणजे समुद्र, हा शब्द इथे घरोघरचा. दऱ्या म्हणजे सह्याद्रीतल्या, दरीचे अनेकवचन. दोन्हींत ध्वनी तेच आणि क्रमही तोच. फरक आहे तो आघाताचा. ‘दर्या’ म्हणताना जीभ ‘दर्’वर क्षणभर थांबते आणि मग ‘या’ येतो. ‘दऱ्या’ म्हणताना ‘द’ हलकेच सुटतो आणि ‘ऱ्या’ एका दमात येतो. व्याकरणाच्या भाषेत पहिल्या शब्दातला ‘द’ गुरू, दुसऱ्यातला लघू. सात वर्षांच्या मुलाला लघू-गुरू सांगण्याची गरज नाही. टाळी पुरते. ‘दर्’वर एक जोरकस टाळी आणि ‘या’वर दुसरी, उलट ‘द’वर बोटाची टिचकी आणि ‘ऱ्या’वर टाळी. चार-पाच वेळा केले की मूल स्वतःच हसत फरक सांगते.

कान फसला तर शब्दाचे मूळ विचारावे. ‘दऱ्या’ कुठून आला? ‘दरी’तून. ‘दुसऱ्या’? ‘दुसरा’तून. किनारा-किनाऱ्यावर, पायरी-पायऱ्या, भाकरी-भाकऱ्या, शेतकरी-शेतकऱ्याला, चिरा-चिऱ्यांची भिंत. मूळ शब्दात पूर्ण ‘रा’ किंवा ‘री’ असेल तर काडी. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘धैर्य’, ‘आर्य’ यांच्या मुळाशी असा शब्द सापडत नाही, म्हणून तिथे रफार. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला आणि विद्या देणाऱ्या आचार्यांना एकाच पंगतीत बसवले तरी लिहिताना त्यांची अदलाबदल होऊ नये, ती याच कसोटीने. एक ‘आचारी’पासून आला, दुसरा मुळातच ‘आचार्य’.

हिंदीला ही काडी का लागली नाही, याचे उत्तरही इथेच आहे. हिंदीत ‘किनारा’ला प्रत्यय लागताना ‘किनारे पर’ होते; मराठीत सामान्यरूप ‘या’ने होते, ‘किनाऱ्यावर’. हिंदीत नोकरीचे अनेकवचन ‘नौकरियाँ’, मराठीत ‘नोकऱ्या’. म्हणजे मराठीच्या व्याकरणातच अशी जागा आहे की जिथे पूर्ण ‘र’ दर वाक्याला अर्धा होऊन ‘या’ला बिलगतो, आणि ती जागा भरायला काडी हवीच. इंदूरच्या मुलाने ‘नोकरिया’ किंवा ‘नोकर्या’ लिहिले तर ते अज्ञान नव्हे. त्याने हिंदीचा नियम प्रामाणिकपणे लावलेला असतो. त्याला ‘चूक’ म्हणण्याआधी दोन्ही भाषांची ही रूपे शेजारी शेजारी लिहून दाखवली, तर काम निम्मे होते.

‘ह’च्या आधीची काडी संख्येने थोडी, पण ठसठशीत आहे. वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, गिऱ्हाईक, कऱ्हा नदी. ‘अर्हता’सारख्या संस्कृत शब्दात मात्र रफार. गंमत म्हणजे ज्या शब्दाने आपण लेखनाचे नियम सांगतो तो ‘ह्रस्व’ही अनेकदा ‘ऱ्हस्व’ असा छापला जातो, आणि ‘ह्रास’ तर मराठीत ‘ऱ्हास’ म्हणूनच रुळला आहे.

हे सर्व घरी नीट शिकवले तरी पडदा ते पुसून टाकू शकतो. संगणकावर ही काडी दोन मार्गांनी उमटते. एक, टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरून. दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना ते अदृश्य चिन्ह गळून पडते आणि ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होते. संकेतस्थळांवर दिसणाऱ्या अशा चुकांपैकी कित्येक लेखकाच्या नसतातच. मूल मात्र जे पाहते ते शिकते. टिंबाचा ‘ऱ’ वापरल्यास हा धोका टळतो, म्हणून मुलांच्या हातातील फोनवर मराठीचा कळफलक निवडून ठेवणे आणि तो ‘ऱ’ कुठे आहे हे एकदा दाखवणे उपयोगी पडते.

‘र’चा त्रास त्याच्या स्वतःच्या रूपांपुरता नाही. तो आधीच्या स्वरालाही सुखाने राहू देत नाही. इंग्रजीत तर याचा कळस आहे. ‘हर’, ‘बर्ड’, ‘टर्न’ आणि ‘वर्ड’ या चार शब्दांत स्वर एकच ऐकू येतो आणि स्पेलिंगमध्ये चार वेगळी अक्षरे असतात. त्यामुळे इंग्रजी शाळांतून या ‘आर’ला दादागिरी करणारा ‘आर’ असे म्हणून शिकवतात. मराठीत ही दादागिरी इ आणि उ यांच्यावर चालते. ‘कीर्ती’, ‘तीर्थ’, ‘जीर्ण’, ‘पूर्ण’, ‘मूर्ती’ दीर्घ. ‘निर्णय’, ‘दुर्बळ’, ‘खुर्ची’, ‘गुर्मी’ ह्रस्व. बोलताना हा भेद जवळजवळ ऐकू येत नाही. त्यामुळे टाळीची युक्ती इथे निरुपयोगी. इथे शब्दाचे कूळ पाहावे लागते.

संस्कृत धातूच्या शेवटी ‘र्’ येऊन पुढे व्यंजन आले तर आधीचा इ किंवा उ दीर्घ होतो, असा नियम पाणिनीने नोंदवला आहे. ‘पूर्ण’, ‘जीर्ण’, ‘उत्तीर्ण’ त्या घरचे. ‘निर्’ आणि ‘दुर्’ हे उपसर्ग, धातू नव्हेत. त्यांचा स्वर ह्रस्वच राहतो : निर्मळ, निर्जन, दुर्गम, दुर्लक्ष. अस्सल मराठी शब्दांत जोडाक्षरापूर्वीचा इकार-उकार सामान्यतः ह्रस्व, तत्सम शब्दांत मूळ संस्कृताप्रमाणे, हे मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांत आहेच. मुलांसाठी यातून एकच गोष्ट उचलावी : ‘निर्’ आणि ‘दुर्’ कायम ह्रस्व. या एका वाक्याने पन्नासेक शब्द सुटतात. उरलेल्या ‘कीर्ती-मूर्ती’ मंडळींना एकत्र ओळीने लिहून डोळ्यांची सवय लावणे, याला पर्याय नाही. ‘उर्वशी’ आणि ‘उर्वरित’ संस्कृत असूनही ह्रस्व कसे, असे एखाद्या चौकस मुलाने विचारलेच, तर प्रत्येक ‘उर्’ त्या धातूंच्या घरचा नसतो, असे मोकळेपणाने सांगावे.

हिंदी वाचणाऱ्या मुलाची इथे आणखी एक फसगत होते. शाळेत तो ‘मूर्ति’, ‘कीर्ति’, ‘ऋतु’ लिहितो. मराठीत शब्दाच्या अंती इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘मूर्ती’, ‘कीर्ती’, ‘ऋतू’. त्यातच ‘ऋ’ हिंदीत ‘रि’सारखा आणि मराठीत ‘रु’सारखा. शाळेतला ‘अम्रित’ घरी ‘अम्रुत’ होतो आणि लिहायचे दोन्हीकडे ‘अमृत’. इथे कान दोन्ही भाषांत दगा देतो, तेव्हा ‘कृ’, ‘गृ’, ‘मृ’, ‘हृ’ ही अक्षरे पाहूनच ओळखीची करून घ्यावी लागतात.

म्हणून शिकवण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी पूर्ण ‘र’ आणि रकार, मग रफार, हा शाळेचा क्रम ठीक आहे. चौथी काडी मात्र सहसा जोडाक्षरांच्या धड्याच्या शेवटी एका ओळीत उरकली जाते, आणि ते बरोबर नाही. बोलण्यात ती सर्वांत लवकर येते. ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’, ‘खऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द तीन वर्षांचे मूलही वापरते. ‘धैर्य’ आणि ‘कार्य’ त्याच्या तोंडी कितीतरी उशिरा येतात. तोंडी असलेल्या शब्दांपासून सुरुवात करावी आणि रफार पक्का झाला की लगेच काडी घ्यावी, म्हणजे दोघांची तुलना ताजी असतानाच होते.

श्रुतलेखनालाही थोडे वळण द्यावे. सुटे शब्द न सांगता जोडीने सांगावेत आणि वाक्यात सांगावेत. ‘दर्यावर होड्या आहेत, दऱ्यांत धुके आहे.’ ‘सूर्याकडे पाहू नकोस, सुऱ्यांना हात लावू नकोस.’ ‘आचार्यांना नमस्कार कर, आचाऱ्यांना मीठ दे.’ मुलाने आधी टाळी द्यावी, मग मूळ शब्द सांगावा आणि पेन्सिल त्यानंतर उचलावी. पोलोग्राउंडच्या पाट्या वाचून घरी परतलेल्या मुलासाठी आणखी एक खेळ आहे. हिंदीत वाचलेले ‘किनारे पर’, ‘दूसरे का’, ‘सीढ़ियाँ’ मराठीत सांगायचे आणि प्रत्येक वेळी काडी उमटते का ते पाहायचे. ‘किनाऱ्यावर’, ‘दुसऱ्याचा’, ‘पायऱ्या’.