औषध कुणी दिलं? तिघांनीही!



आरोग्याच्या पानावर बहुतेक वेळा आई-वडिलांनी काय करावं ते लिहिलेलं असतं. या वेळी आम्ही दोघांनी काय काय चुकवलं ते लिहितो आहोत. वाचून हसू आलं तर हसा. पण शेवटचा चौकोन कापून दाराच्या मागे चिकटवा.

आमच्या घरात दिवस पावणेपाचला सुरू होतो, कारण नळाला पाणी तेव्हा येतं. आमच्यातला एक रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड, रात्री आठ ते सकाळी आठ. दुसरी चार घरच्या पोळ्या-भाजी करते, सकाळी साडेसहाला बाहेर. मोठा मुलगा पाच वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची, आणि घर सांभाळायला आजी. आम्ही नवरा-बायको दोघं एकाच वेळी जागे असतो ते संध्याकाळी दोन तास. त्यातला एक तास भांडणात जातो.

हसण्यासारख्या चुका

एकदा डबे बदलले. मुलाच्या डब्यात भाकरी, ठेचा आणि कांदा गेला, आणि रात्री बारा वाजता एका टॉवरच्या गेटवर गार्डसाहेबांनी डबा उघडला तर आत जॅम लावलेली पोळी, तीही त्रिकोणी कापलेली. शाळेतून निरोप आला की मुलगा रडला नाही, पण पाणी खूप प्यायला.

रात्री दहा वाजता, अंथरुणात पडल्यावर मुलाला आठवतं की उद्या चार्ट पेपर न्यायचाय. मग कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्याचा चार्ट पेपर होतो. दुसऱ्या दिवशी बाई विचारतात, "मागे एकादशी का लिहिली आहे?"

झोपताना गोष्ट सांगायची असा आमचा नियम आहे. पण मुलाआधी आम्हीच झोपतो. "मग राहुल भगवंतांकडे गेला आणि म्हणाला..." इथपर्यंत नीट जातं. पुढे आवाज जड होतो आणि राहुल म्हणतो, "पिंप भरलं का?"

रविवारी विहारात वंदनेनंतर पाच मिनिटं ध्यान असतं. आम्ही डोळे मिटतो ते उघडतच नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, काय एकाग्रता आहे! एक दिवस घोरण्याचा आवाज आला, तेव्हा एकाग्रतेचा उलगडा झाला.

आणि खोटं. सकाळी विहारात पंचशील घ्यायचं, खोटं बोलणार नाही म्हणायचं, आणि दुपारपर्यंत मुलाला सांगायचं की दुकान बंद आहे, मोबाईलचं चार्जिंग संपलंय, सुई अजिबात दुखत नाही. तिसरं खोटं आम्हाला महागात पडलं. सुई दुखतेच. एकदा दुखल्यावर मुलाने आमच्यावरचा विश्वास काढून घेतला. पुढे त्याचा कान दोन दिवस ठणकत होता, तरी तो बोलला नाही. डॉक्टरांकडे नेतील म्हणून पलंगाखाली जाऊन बसला.

न हसण्यासारखी एक सकाळ

गेल्या पावसाळ्यात मोठ्याला ताप आला. सकाळी सहा वाजता आईने कामावर निघताना तापाचं औषध दिलं. साडेआठला पप्पा ड्युटीवरून आले. कपाळाला हात लावला, चटका बसला, त्यांनी औषध दिलं आणि झोपले. आजी धाकटीला अंगणवाडीत सोडून साडेनऊला परत आली. पोर तापलेलं, बाप घोरतोय. "या घरात पोराकडे कुणाचं लक्षच नाही," असं म्हणून तिनेही दिलं. तिघांनी दिलं ते स्वयंपाकघरातल्या चमच्याने, आणि तिघांचा चमचा वेगळा.

अकरा वाजता मुलाला घेऊन आम्ही दवाखान्यात रांगेत बसलो, तेव्हा बोलता बोलता कळलं की औषध तीनदा गेलंय. पोटात खड्डा पडला. आणि वाचकहो, तेव्हा आम्ही काय ठरवलं माहीत आहे? डॉक्टरांना "एकदाच दिलं" असं सांगायचं.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "औषध किती वेळा दिलं?" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "एकदाच, मॅडम." मांडीवरचा मुलगा तापातही उठून बसला. त्याने बोटं मोजली. "नाही. आईने दिलं, पप्पांनी दिलं, आजीने दिलं. आजीचा चमचा मोठा होता."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी बाटली मागितली, मुलाचं वजन केलं, कागदावर हिशेब केला. म्हणाल्या, "नशीब, धोक्याच्या खाली आहे. पण मी एकदाच समजून आत्ता आणखी दिलं असतं, तर? तुम्ही चुकलात हे मी समजू शकते. लपवलंत, तर उपचार कसा करू?" संध्याकाळपर्यंत औषध बंद ठेवायला सांगितलं आणि मुलाकडे पाहून म्हणाल्या, "घरात शहाणा एकच दिसतोय."

मग त्यांनी समजावलं ते असं. तापाच्या सिरपमध्ये बहुधा पॅरासिटामॉल असतं. सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांत फरक असतो. एकीत ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलीग्रॅम असतं, दुसरीत २५०. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. दोन वेळांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा द्यायचं नाही. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतंच, म्हणून दोन बाटल्या एकत्र देताना विचारायचं. जास्त झालं तर यकृताला इजा होते, आणि सुरुवातीला मूल अगदी ठीक दिसतं. म्हणून "खेळतोय की" म्हणून गप्प बसायचं नाही.

आम्ही खोटं का बोललो?

घरी येऊन आम्ही दोघांनी हा प्रश्न एकमेकांना विचारला. उत्तर जुनं होतं. धाकटीची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस आमची चुकली होती. पंधरा दिवस उशिरा गेलो, तर एका ठिकाणी सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, "तुम्हा लोकांना मुलं होतात, तारखा लक्षात राहत नाहीत." त्यातलं "तुम्हा लोकांना" आमच्या कानात अडकून बसलं. आम्ही तसेच परत आलो आणि तीन महिने तिकडे फिरकलो नाही. आमच्या अपमानाची शिक्षा लेकीला दिली. शेवटी आशाताई घरी आल्या, कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, "उशीर झाला म्हणून लस बाद होत नाही. झालेल्या लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागत नाहीत. चला." गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत देता येते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आपल्या वस्तीत ही भीती घरोघर आहे. आपल्याला कुणी नाव ठेवू नये म्हणून आपण मुलांचे कपडे पांढरेशुभ्र ठेवतो आणि चुका झाकून ठेवतो. कपड्यांचं ठीक आहे. झाकलेली चूक मात्र मुलाच्या अंगावर निघते. आणि कुणी अपमान केलाच, तर तोंडावर सांगा, तक्रार लिहून द्या, सोबत चार जण न्या. पण लस आणि उपचार सोडू नका. तो आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

राहुलला मिळालेला उपदेश

जी गोष्ट आम्हाला झोपेमुळे कधी पूर्ण सांगता आली नाही, ती त्या रात्री नीट वाचली. मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे उपदेश पुन्हा पुन्हा ऐकायला सांगितले, त्यात राहुलला खोट्याविषयी केलेला हा उपदेशही आहे. भगवान बुद्ध तिथे राहुलला सांगतात की थट्टेतही खोटं बोलू नये. आरशात तोंड पाहावं तसं प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावं. आणि चूक झालीच, तर ती जाणत्या माणसाला उघड सांगावी आणि पुढे सांभाळावं. लपवावं असं कुठेही नाही. आम्ही हा उपदेश पोरासाठी शोधत होतो. निघाला तो आमच्यासाठी.

आणखी एक. आपल्या आया रमाईची गाणी ऐकत वाढल्या आहेत. त्यामुळे थकले म्हणायची त्यांना लाज वाटते. पण रमाईही माणूस होत्या. पाच मुलांपैकी चार त्यांनी गमावली, एकटे यशवंतराव उरले. स्वतः आजाराने खंगून त्या २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यांचं नाव घेऊन आईला आणखी राबवणं हा त्यांचा मान नव्हे. आई सतत दमलेली असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. तो आळस नसतो, अनेकदा रक्त कमी असतं.

दारामागचं कॅलेंडर

आता आमच्या दारामागे एक कॅलेंडर आहे, दोरीला पेन्सिल बांधलेली. औषध देणारा वेळ आणि मिली लिहितो. आजीला लिहिता येत नाही, ती तारखेच्या चौकोनात एक टिकली लावते. मागच्या महिन्यात एका चौकोनात दोन टिकल्या दिसल्या आणि आम्ही घाबरलो. एक टिकली धाकटीने लावली होती.

कापून ठेवा

• औषध बाटलीसोबतच्या मापानेच द्या, घरच्या चमच्याने नाही. दिल्याबरोबर कॅलेंडरवर नोंद करा.

• जुलाबात ओआरएसच्या पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. लिटरचं पाकीट एका ग्लासात कालवू नका. उरलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या.

• मूल काहीच पीत नसेल, सगळं उलटत असेल, झटके आले, नुसतं पडून असेल, किंवा जोरात श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर वाट न पाहता दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

• डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. किती दिलं, कधी दिलं, काय विसरलं.

• मुलाला म्हणा, "सुई दुखेल, पण थोडाच वेळ. मी हात धरून बसते."

डबे आमचे अजूनही बदलतात. चार्ट पेपर अजूनही रात्री दहालाच आठवतो. त्याला इलाज सापडला तर पुढच्या अंकात कळवू.

नमो बुद्धाय, जय भीम.