इंजिनाला किती हलू द्यायचं?

सरळ पट्टीवर शर्यत धावणारी जुनी अमेरिकन ड्रॅग गाडी सुटते तेव्हा तिचं नाक वर उचललं जातं, हे व्हिडिओत सगळ्यांनाच दिसतं. पण तोच क्षण सावकाश करून पाहा. नाक सरळ उचललं जात नाही. पुढचं डावं चाक उजव्याच्या आधी जमीन सोडतं आणि त्याच्यापेक्षा वर जातं. पट्टी सपाट, गाडी नाकासमोर चाललेली, तरी अख्खी बॉडी एका अंगाला पिळली जाते. हा पीळ इंजिनाचा. आणि तो इंजिनातून बॉडीत शिरतो मुठीएवढ्या दोन तुकड्यांतून, ज्यांना गॅरेजमध्ये नुसतं ‘माउंटिंग’ म्हणतात.

हातातल्या ड्रिल मशीनचा बिट भिंतीतल्या सळईत अडकला की बिट थांबतो आणि मशीनच आपलं मनगट पिरगाळायला लागतं. गाडीतही हेच होतं. प्रोपेलर शाफ्ट ज्या जोराने एका दिशेला फिरवला जातो, तेवढ्याच जोराने इंजिन आणि गिअरबॉक्सचं जोडलेलं धूड उलट दिशेला फिरू पाहतं. थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. माउंटिंगला सोसावा लागतो तो इंजिनाचा मूळ टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, नव्हे, तर पहिल्या गिअरने वाढवून दिलेला टॉर्क.

1987 ची ब्यूक ग्रँड नॅशनल घेऊ. 3.8 लिटरचं टर्बो व्ही-6, कारखान्यातून निघतानाच 245 अश्वशक्ती आणि सुमारे 480 न्यूटन-मीटर टॉर्क. टर्बो मोठा करून, त्याने आत भरलेल्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट वाढवून कुणी तिला 800 न्यूटन-मीटरपर्यंत नेलं असं धरा. तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर 2.74 चा. गुणाकार जातो 2,190 च्या घरात. दोन माउंटिंगमध्ये अर्धा मीटर अंतर धरलं तर उजव्यावर जवळपास साडेचारशे किलोंचा जादा दाब येतो आणि डावं तेवढ्याच जोराने वर ओढलं जातं. डाव्या बाजूवर टेकलेलं इंजिनाचं वजन शंभरेक किलो. म्हणजे ते वजन पेलून झाल्यावरही साडेतीनशे किलोंची ओढ शिल्लक राहते. सुटण्याच्या क्षणी टॉर्क कन्व्हर्टर त्यात आणखी भर घालतो, ती वेगळीच.

धातूच्या दोन पत्र्यांमध्ये चिकटवलेलं रबर दाब मुकाट सोसतं. ओढ मात्र त्याला सोसत नाही. म्हणून अशा गाड्यांत आधी जातं ते डावं माउंटिंग. याची किंमत काय असते ते जनरल मोटर्सने 1971 च्या डिसेंबरमध्ये पाहिलं. माउंटिंगचं रबर सुटायचं, इंजिन डावीकडून वर उचललं जायचं आणि त्याच्यासोबत अॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जाऊन थ्रॉटल उघडाच अडकायचा. सुमारे 67 लाख शेव्हरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उपाय काय, तर इंजिन उचललं जाऊ नये म्हणून बांधलेली एक तारेची केबल. ड्रॅग रेसवाले हेच काम साखळीने करत आले आहेत.

मग इतकं हलणारं रबर मुळात घातलं कुणी? त्याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. 1931 मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ आणली. चार सिलिंडरचं इंजिन रबरावर दोन जागी टेकवलं, पुढे उंचावर आणि मागे खाली. या दोन जागा जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल अशी मांडणी केली. इंजिनाचा स्वभावच ज्या अक्षाभोवती डुलण्याचा, त्या अक्षाभोवती त्याला मोकळं डुलू दिलं. इंजिन डुलत राहिलं आणि माणसं शांत बसली. फ्रान्सच्या सिट्रोएनने लगोलग ही पद्धत परवान्यावर घेतली. ड्रॅग गाडी बांधणारा 1931 साली इंजिनाला दिलेलं हे स्वातंत्र्यच थोडं थोडं काढून घेत असतो. किती काढून घ्यायचं, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न.

आणि ते फुकट काढून घेता येत नाही. चार सिलिंडरचं इंजिन 800 आरपीएमवर निवांत चालतं तेव्हा सेकंदाला सुमारे 27 झटके देतं. माउंटिंगवर बसलेल्या इंजिनाची स्वतःचीही एक डुलण्याची लय असते. ती सेकंदाला 10 आहे असं समजा. झटक्यांची गती या लयीच्या 1.41 पटीच्या वर असेल तरच रबर झटके गाळतं. त्याखाली ते झटके गाळायचं सोडून वाढवतं. आता रबर चौपट कडक केलं की लय दुप्पट होते, 20. सत्तावीस भागिले वीस म्हणजे 1.35. सिग्नलला उभी गाडी आरशासकट थरथरते, आणि तीच गाडी 3,000 आरपीएमला पुन्हा गुळगुळीत चालते. कडक माउंटिंग टाकलेल्या गाड्यांचा हा विचित्र स्वभाव एका वर्गमुळात दडलेला आहे! ग्रँड नॅशनलचं व्ही-6 इथे नशीबवान. सहा सिलिंडर, म्हणून त्याच आरपीएमला सेकंदाला 40 झटके, आणि म्हणून कडकपणाला जास्त वाव.

रबरानंतरची पायरी पॉलियुरेथेनची, त्यानंतर निखळ अॅल्युमिनियम किंवा स्टील. पॉलियुरेथेनचं चांगलं माउंटिंग असं घडवतात की आतला भाग फाटला तरी धातूचे दोन अर्धे एकमेकांत अडकून राहतात. रस्त्यावरही चालवायच्या टर्बो गाडीत मी तेच घालीन, आणि डाव्या बाजूला एक पट्टा जास्तीचा. फक्त पट्टीवर धावणाऱ्या गाडीत माउंटिंग ही वस्तूच उरत नाही. तिथे इंजिनाच्या पुढच्या तोंडावर साधारण 6 मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची आडवी प्लेट येते, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दुसरी. दोन्ही थेट चासीला बोल्ट केलेल्या. इंजिन चासीचाच एक आडवा दांडा होऊन जातं. पीळ अशा प्लेटच्या प्रतलात येतो आणि त्या दिशेला ती अतिशय भक्कम असते. पुढे-मागे मात्र ती पत्र्यासारखी लवते. गाडी सुटताना इंजिन मागे रेटतं, शेवटी पॅराशूट उघडलं की पुढे झेपावतं. म्हणून ब्लॉकपासून चासीपर्यंत एक वेगळा दांडा द्यावाच लागतो.

एक पथ्य अनुभवी बांधणारे मोडत नाहीत. इंजिन घट्ट आणि गिअरबॉक्सच्या शेपटीखाली रबर किंवा पॉलियुरेथेन, हे चालतं. इंजिन रबरावर आणि शेपटी घट्ट, हे कधीच नाही. इंजिन डुलतं, शेपटी जागची हलत नाही, आणि मधलं अॅल्युमिनियमचं आवरण तडकतं.

टर्बोमुळे यात आणखी गुंता होतो. इंजिनाला लटकलेला टर्बो इंजिनासोबत डुलतो, पण त्याची हवा थंड करणारा इंटरकूलर बॉडीला घट्ट बसलेला असतो. दोघांमधल्या पाइपांना सिलिकॉनचे जोड असतात. इंजिन दोन-तीन सेंटीमीटर उचललं गेलं की जोड निसटतो आणि ऐन बूस्टमध्ये सगळी हवा बाहेर. टर्बाइनच्या घरातल्या वायूचं तापमान 900 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. शेजारच्या रबराला पत्र्याची आडोशाची ढाल नसेल तर ते कडक होऊन चिरतं. टर्बोची तेलाची नळी पाझरत असेल तर नैसर्गिक रबर तेल पिऊन फुगतं.

आणि टायर. माउंटिंगवर किती भार येणार हे एकटं इंजिन ठरवत नाही. साध्या टायरवर चाकं जागच्या जागी फिरतात, धूर होतो, माउंटिंग बचावतं. त्याच गाडीला चिकट स्लिक टायर चढवले की पकड मिळते आणि तेवढीच प्रतिक्रिया मागे फिरून माउंटिंगपर्यंत येते. इंजिनाला हातही न लावता डावं माउंटिंग पहिल्याच फेरीला फाटू शकतं.

मला सर्वांत नवल वाटतं ते नॉक सेन्सरचं. ब्लॉकवर बसवलेला हा इंजिनाचा कान. सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटलं की होणारा खणखणाट तो ऐकतो आणि संगणक लगेच ठिणगी उशिरा पाडतो. बूस्ट चढलेल्या इंजिनात पिस्टन वाचतो तो असा. रबर असेपर्यंत बॉडीचे आवाज बाहेरच अडतात. माउंटिंग धातूचं केलं की बॉडीतला प्रत्येक ठोका थेट ब्लॉकमध्ये येतो. कानाला तोही खणखणाट वाटतो. ठिणगी मागे सरकते, ताकद घटते, आणि मालक टर्बोत दोष शोधत बसतो. म्हणून ट्यूनिंग करणारे घट्ट माउंटिंग बसवल्यावर सेन्सरची मर्यादा नव्याने ठरवतात. त्यासाठी ब्लॉकला जोडलेले हेडफोन कानाला लावून आधी स्वतः ऐकतात. मर्यादा कमी ठेवली तर ताकद जाते, फार वाढवली तर खरा खणखणाट निसटतो आणि पिस्टन जातो.