बुडालेल्या जंगलातला सार्हेंतो

पनामा कालवा म्हटलं की डोळ्यांसमोर सिमेंटच्या भिंती आणि लोखंडी दरवाजे येतात. पण ८० किलोमीटरांच्या या वाटेतले ३३ किलोमीटर जहाजं एका गोड्या पाण्याच्या तलावातून जातात. चाग्रेस नदी अडवून १९१३ साली भरलेला हा गातून तलाव समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचावर आहे. पाणी चढलं तेव्हा जंगल उभंच होतं. शंभर वर्षं उलटली, तरी टणक लाकडाचे बुंधे पाण्यात तसेच उभे आहेत. मधल्या वाटेवर कंटेनरांनी लदलेली अजस्र जहाजं, आणि कडेच्या खाड्यांत या बुंध्यांमध्ये छोट्या होड्यांतून गळ टाकणारे हौशी लोक.

त्यांना हवा असतो पीकॉक बास. नावात बास असला तरी हा सिक्लिड कुळातला, म्हणजे आपल्या उजनीतल्या चिलापीचा भाऊबंद. सोनेरी-हिरवं अंग, त्यावर तीन काळे उभे पट्टे आणि शेपटीच्या बुडाशी सोनेरी कड्यातला काळा डोळा. स्थानिक लोक त्याला सार्हेंतो म्हणतात, सार्जंट. तोऱ्याला साजेसं नाव आहे.

त्याला पकडायचा एक मार्ग म्हणजे फ्लाय फिशिंग. त्यात आमिष जवळजवळ बिनवजनाचं. दूर जाते ती जड दोरी, आमिष तिच्यामागे फरफटत जातं. ट्राउट माशासाठी नखाएवढ्या नकली माश्या वापरतात, तो नाजूक कारभार इथे चालत नाही. आठ नंबरची काठी, तरंगती दोरी, तिच्या टोकाला आखूड आणि दणकट नायलॉन. आमिष म्हणून बहुधा क्लाऊझर मिनो. पेन्सिल्व्हेनियाच्या बॉब क्लाऊझरने स्मॉलमाउथ बाससाठी बनवलेलं हे आमिष साधंच आहे: हरणाच्या शेपटीचे केस आणि हुकाच्या मानेवर बांधलेले शिशाचे दोन डोळे. दोरी ओढली की ते वर उसळतं, सोडली की नाक खाली घालून बुडतं. घाबरलेल्या माशाची हुबेहूब नक्कल.

खरी मजा मात्र पॉपरची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाची. बुंध्याला खेटून टाकायचा आणि डाव्या हाताने दोरीला हिसके द्यायचे. प्रत्येक हिसक्याला पाण्यावर ‘डुबुक’. मग अचानक पाणी फुटतं. इथे ट्राउटवाल्यांची फजिती ठरलेली: सवयीने काठी उचलतात आणि पॉपर माशाच्या तोंडातून निसटतो. काठी पाण्याच्या रेषेतच ठेवून दोरीच खेचावी लागते, तीही झटपट, कारण मासा थेट बुंध्यांच्या गर्दीत घुसतो. हा डोळ्यांनी शिकार करणारा, त्यामुळे रात्री जागायची गरज नाही.

मात्र हा ॲमेझॉनकडचा मासा इथला नव्हे. कुणीतरी तळ्यात हौसेने पाळला, तिथून निसटला आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात चाग्रेसमार्गे तलावात पसरला. १९७३मध्ये थॉमस झॅरेट आणि रॉबर्ट पेन यांनी ‘सायन्स’मध्ये जे मांडलं ते वाचताना शिकारीची धुंदी उतरते. सार्हेंतो पोहोचला तिथले बहुतेक नेहमीचे छोटे मासे जवळजवळ नाहीसे झाले. ते गेल्यावर त्यांच्यावर जगणारे टार्पन, सुरय आणि बगळेही विरळ झाले. डासांच्या अळ्या खाणारे मासे घटल्याने मलेरिया वाढेल का, अशी शंकाही दोघांनी बोलून दाखवली. सार्हेंतो शिरल्याला ४५ वर्षं झाल्यावर पुन्हा जाळी टाकून पाहिलं, तर देशी मासे सावरलेले नव्हतेच.

फ्लोरिडाने १९८४मध्ये पीकॉक बास आपल्या कालव्यांत मुद्दाम सोडला. मात्र त्याला थंडी सोसत नाही, त्यामुळे तो दक्षिण टोकापलीकडे फारसा सरकू शकत नाही. पनामात तोही अडसर नाही.

म्हणूनच मासा पकडून, फोटो काढून अलगद सोडून देण्याचं शहाणपण गातूनवर मला तरी दांभिकपणाच वाटतो. स्थानिक लोक ती भानगड करत नाहीत. काटे कमी, मांस पांढरं आणि घट्ट. लिंबात मुरवून सेविचे होतं, नाहीतर तळून कच्च्या केळ्याच्या चपट्या पाताकोनेसबरोबर ताटात येतं.