रविवारीच भरा फळांचे डबे

रविवारी फळं सोलून-चिरून ठेवली की आठवडाभर सकाळची धांदल कमी होते. पण सगळ्याच फळांना हे मानवत नाही. यात डाळिंब सर्वांत गुणी. वरची चकती कापा, सालीला उभ्या चिरा द्या, फळ उकला आणि पाण्याच्या पातेल्यात दाणे सोडवा. दाणे तळाशी बसतात, पांढरे पापुद्रे वर तरंगतात, शिवाय ओट्यावर डाग पडत नाहीत. मग दाणे फडक्यावर पसरून कोरडे करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस छान राहतात. ओल राहिली तर मात्र लवकर आंबतात.

पपई, कलिंगडाच्या फोडी दोन-तीन दिवसांत संपवाव्यात. सफरचंद चिरलं की त्यातली विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फोडी तपकिरी करतात. लिंबाच्या आम्लाने ती मंदावतात, म्हणून फोडींना लिंबू चोळायचं. केळं आयत्या वेळीच कापावं. द्राक्षं तर आधी धुऊही नयेत; ओली राहिली की बुरशी धरतात. आणि चाट मसाला खातानाच भुरभुरा, त्यातल्या मिठाने फोडींना पाणी सुटतं.