कलम गेलं, पण ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात काय लिहायचं?

‘377 रद्द झालं ना? मग आता आणखी काय हवंय यांना?’ समलिंगी माणसांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात दरवेळी खोट असतेच असं नाही. बातमी तेवढीच पोचलेली असते.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध दंडसंहितेच्या कलम 377 च्या गुन्ह्यातून वगळले. पोलिसांची भीती गेली, नातं मात्र कागदावर आलं नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. अशा जोडप्याने मिळून मूल दत्तक घेण्याचा मुद्दाही तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला.

याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होतो? पंधरा-वीस वर्षं एका घरात राहणारे दोघे घ्या. एकाला रात्री अ‍ॅडमिट करावं लागलं. फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना. दुसरा तिथे ‘मित्र’ लिहितो आणि संमतीपत्रावर सही करायला गावाकडच्या भावाची वाट पाहत बसतो. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केलं, की जोडीदाराबरोबर संयुक्त बँक खातं उघडायला, त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही. चांगलंच झालं. पण नॉमिनीच्या हाती पैसे आले म्हणून तो मालक होत नाही. मृत्युपत्र नसेल तर हक्क वारसांचा, आणि वारसांत जोडीदार धरलेला नाही. म्हणून या जोडप्यांनी मृत्युपत्र आधी करावं, हे कोणताही वकील सांगेल. मृतदेहाचंही तसंच. जोडीदाराला तो ताब्यात घेता यावा, असं आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं. अट एवढीच, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसावेत. वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेले नातेवाईक नेमके त्या दिवशी उपलब्ध असतात!

‘हे पाश्चात्त्यांचं खूळ’ हा दुसरा लाडका समज. पाश्चात्त्य होतं ते कलम. इंग्रज अधिकारी मेकॉलेच्या मसुद्यावरून घडलेल्या 1860 च्या दंडसंहितेतून ते इथे आलं. असं प्रेम मात्र इथे नवं नव्हतं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 मध्ये मराठी रंगभूमीवर आलं, त्यातली नायिका एका मुलीवरच प्रेम करते. तेव्हा ‘प्राइड’ हा शब्दही इथे कुणाच्या तोंडी नव्हता.

हा आजार आहे या समजाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. तरी ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा सल्ला अजून मिळतोच. त्यात फसगत होते ती सून म्हणून आणलेल्या मुलीचीही, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

गे आणि ट्रान्सजेंडर एकच, असंही अनेकांना वाटतं. कुणाकडे ओढ वाटते हा एक प्रश्न. आपण स्वतः बाई, पुरुष की आणखी कुणी, हा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने ट्रान्सजेंडर व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या गौरी सावंत त्या खटल्याशी जोडलेल्या होत्या. पुढे 2019 मध्ये कायदा झाला तेव्हा ट्रान्सजेंडर व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला त्या वेळी किमान दहा वर्षं होती.