चाकाचा पन्हा आणि मापाचा विवेक

व्यापारी घरातील मुलाला मापाचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. कापडाचा पन्हा, धान्याचे वजन, सोन्याचा कस यांत थोडी जरी गफलत झाली, तरी ती वर्षअखेरच्या हिशेबात उमटते, हे तो दुकानात बसताबसताच पाहत असतो. मात्र हाच तरुण हौसेने स्पोर्ट्स कार घेतो आणि तिला रुंद अलॉय चाके बसवावयास निघतो, तेव्हा मापाचा हा विवेक पुष्कळदा मागे पडतो. चाकांची निवड रंग आणि नक्षी पाहून होते. त्यांवर कोणत्या मापाचा टायर चढवावयाचा, हा प्रश्न टायरवाल्याच्या दारात उभ्याउभ्या सोडविला जातो.

वस्तुतः हा क्रम उलटा आहे. धावत्या मोटारीचा जमिनीशी संबंध केवळ चार टायरांमधून येतो आणि प्रत्येक टायर एका वेळी जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला असतो. वेग, वळण, ब्रेक आणि आत बसलेल्या माणसांचे प्राण या चार तळहातांवर तोललेले असतात. म्हणून या हौसेसाठी पैसे मोजण्यापूर्वी तिच्यामागचे गणित घरातील तरुणाने आणि वडीलधाऱ्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे. ते अवघड नाही. ज्याला टक्केवारी काढता येते, त्याला ते अर्ध्या तासात साधते.

टायरवरचे अक्षरलेख

उदाहरणासाठी टोयोटा ८६ ही मोटार घेऊ. जपानमध्ये २०१२ साली बाजारात आलेली, सुबारूच्या सहकार्याने सिद्ध झालेली ही दोन दारांची, मागील चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नाही. परंतु जपान, ब्रिटन आणि अमेरिकेत रुंद चाकांच्या हौशी मंडळींचे तिच्याइतके लक्ष फार थोड्या मोटारींनी वेधून घेतले आहे. शिक्षण वा व्यवसायानिमित्त परदेशी स्थिरावलेल्या समाजातील तरुणांना ती परिचित असेलच. तिचे गणित कळले, की दुसऱ्या कोणत्याही मोटारीला ते लावता येते.

या मोटारीच्या सतरा इंची चाकांवर मूळ टायर २१५/४५ आर १७ या मापाचा असतो. यातील २१५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी, त्याचा पन्हाच म्हणा ना. ४५ ही टक्केवारी आहे: टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे ९७ मिलिमीटर. आर हे अक्षर टायरची बांधणी रेडियल असल्याचे दर्शविते आणि १७ हा रिमचा इंचांमधील व्यास आहे. रिमचे ४३२ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंच्या भिंती मिळविल्या, की टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२५ मिलिमीटर येतो. हा ६२५चा आकडा लक्षात ठेवावा. पुढचा बराचसा हिशेब त्याच्याशी ताडून पाहावयाचा आहे.

पहिली कसोटी : रिम आणि टायर यांची जोडी

मूळ रिम ७ इंच रुंद आहे. २१५/४५ मापाचा टायर ७ ते ८ इंच रुंदीच्या रिमवर बसविण्यास योग्य मानला जातो. २२५/४५ साठी ही मर्यादा ७ ते ८.५ इंच आहे, तर २४५/४० साठी ८ ते ९.५ इंच. टायर कंपन्यांच्या मापपत्रकात प्रत्येक मापासमोर अशी मर्यादा छापलेली असते आणि निवडीचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

पैसे वाचविण्यासाठी म्हणा किंवा दिसण्याच्या मोहाने म्हणा, काही जण ९ इंची रिमवर मूळचाच २१५चा टायर ताणून बसवितात. तसे केल्यास बाजूची भिंत आत कललेली राहते, रिमची कड उघडी पडते आणि खड्ड्याचा पहिला आघात धातूवर येतो. तीव्र वळणात किंवा हवा कमी झाली असता टायरची कड रिमवरून सुटण्याचा धोकाही वाढतो. याच्या उलट, मूळच्या ७ इंची रिमवर २४५चा टायर कोंबला, तर तो फुग्यासारखा फुगतो. वळणावर त्याच्या भिंती डुलतात, सुकाणूला मिळणारा प्रतिसाद सुस्त होतो आणि टायर मध्यभागी अधिक झिजतो. ज्यासाठी खर्च केला, तेच हातचे जाते.

दुसरी कसोटी : बाहेरचा व्यास

रिम रुंद झाली तरी टायरचा बाहेरचा व्यास मूळ मापाच्या जवळपास राहिला पाहिजे. फरक तीन टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो जितका कमी, तितके बरे. २२५/४५ आर १७चा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, म्हणजे मूळपेक्षा दीड टक्क्याच्या आत अधिक. २४५/४० आर १७चा सुमारे ६२८, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. येथे टक्केवारीच्या आकड्याचे मर्म कळते: रुंदी वाढली म्हणून ४५चे ४० केले आणि उंची जागेवर राहिली. तोच ४५ कायम ठेवून २४५/४५ घेतला असता, तर व्यास ६५२वर गेला असता, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक वाढला असता.

चार टक्के ऐकावयास किरकोळ वाटतात. पण व्याजाच्या दरातील चार टक्के कोणी किरकोळ मानील काय? चाक मोठे झाले, की वेगदर्शक काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. कारखान्यातून येणारा काटा सहसा थोडा अधिकच दाखवितो, ती सुरक्षिततेची शिल्लक अशा वेळी संपून जाते. इंजिनाचा जोर मंदावल्यासारखा वाटतो, आणि मडगार्डच्या आत टायर घासू लागतो तो निराळाच.

तिसरी कसोटी : चाक आत किती, बाहेर किती

सर्वाधिक चुका येथे होतात, कारण हे माप डोळ्यांना दिसत नाही. रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग यांतील अंतरास ऑफसेट म्हणतात. रिमवर ते ईटी या अक्षरांपुढे कोरलेले असते. टोयोटा ८६च्या मूळ चाकाचा ऑफसेट ४८ मिलिमीटर आहे. त्याच ऑफसेटची ८ इंची रिम बसविली, तर वाढलेली एक इंच रुंदी दोन्ही बाजूंना समान वाटली जाते: सुमारे १३ मिलिमीटर आत आणि तितकीच बाहेर. ४५ ऑफसेटची ९ इंची रिम बसविल्यास चाक बाहेर सुमारे २८ मिलिमीटर आणि आत सुमारे २२ मिलिमीटर सरकते. ऑफसेट २५ असलेली ९ इंची रिम मात्र बाहेर ४८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच सेंटिमीटर पुढे येते. दुकानाच्या काचेमागे या दोन्ही ९ इंची रिमा सारख्याच देखण्या दिसतात.

आत सरकलेले चाक शॉक अ‍ॅब्सॉर्बरला टेकू शकते. बाहेर आलेले चाक मडगार्डला घासते, बेअरिंगवरचा ताण वाढविते आणि खड्ड्यात सुकाणूला हिसके देते. म्हणून पैसे देण्यापूर्वी एक रिम टायरसह बसवून पाहावी. सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे, गाडीत माणसे बसवून ती दाबून पाहावी, आणि ब्रेकच्या भागांपासून अंतर मोजावे. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर सहकुटुंब प्रवासात घासतो, हा अनुभव पुष्कळांना उशिरा येतो.

बोल्टची जुळणी आणि मधल्या छिद्राचे माप हेही याच कसोटीतले. टोयोटा ८६ला १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट आहेत आणि हबचा व्यास ५६.१ मिलिमीटर आहे. नव्या रिमचे छिद्र मोठे असेल, तर योग्य मापाची कडी घालून ते भरून काढावे. अन्यथा चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि वेगात कंप जाणवतो.

चौथी कसोटी : भार आणि वेग

मापानंतर टायरवर आणखी एक अंक आणि अक्षर असते, उदाहरणार्थ ८७ डब्ल्यू. ८७ या भारांकाचा अर्थ एका टायरची भारक्षमता ५४५ किलो. ८४चा अर्थ ५०० किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा, व्ही म्हणजे २४०, एच म्हणजे २१०. नव्या टायरचा भारांक वा वेगाक्षर मूळपेक्षा खालचे नसावे. टायर रुंद आहे म्हणून तो अधिक भार पेलतो, असे गृहीत धरू नये. भिंतीची उंची कमी झाली, की भारक्षमताही घटू शकते. दाराच्या चौकटीवर लिहिलेला हवेचा दाब मूळ टायरसाठी असतो. माप बदलल्यास तेवढाच भार पेलण्यास किती दाब लागेल, हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवावे.

रुंदीची खरी किंमत

टायर रुंद केला म्हणजे जमिनीला टेकणारी जागा त्याच प्रमाणात वाढते, हा समज फारसा बरोबर नाही. हवेचा दाब आणि भार तोच असेल, तर ती जागा जवळपास तितकीच राहते; फक्त तिचा आकार आडवा आणि आखूड होतो. त्याचा लाभ कोरड्या रस्त्यावर वेगाने वळण घेताना मिळतो. पावसात मात्र आडव्या टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते आणि तो पाण्याच्या थरावर लवकर तरंगू लागतो. आषाढ-श्रावणात घाटातून कुटुंबासह जाणाऱ्या गाडीसाठी हा सौदा कितपत फायद्याचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रिमचा व्यास वाढविण्याचा मोहही असाच. याच मोटारीला १८ इंची रिमवर २२५/४० घेतला, तर बाजूची भिंत ९० मिलिमीटर उरते; १७ इंची रिमवरील २२५/४५ची ती १०१ मिलिमीटर असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर या ११ मिलिमीटर रबराची किंमत रिम वाकल्यावरच कळते.

येथे टोयोटा ८६ची मूळ कथा मोठी बोलकी आहे. तिचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्या चमूने तिला रुंद टायर दिले नाहीत. हलके वजन, खाली ठेवलेला गुरुत्वमध्य आणि माफक पकड यांतून सामान्य वेगातही चालविण्याचा आनंद मिळावा, हा त्यांचा हेतू होता. प्रियस या काटकसरी मोटारीच्या एका प्रकारावर असलेल्या जातीचेच टायर त्यांनी तिला घातले. या निवडीने पुष्कळ समीक्षक चकित झाले. मोटार मात्र लोकप्रिय ठरली. ज्यांना अधिक पकड हवी होती, त्यांच्यापैकी अनेकांना मूळ मापातच उत्तम रबराचा टायर घातल्यावर ती मिळाली. हलक्या प्रतीच्या रुंद टायरपेक्षा उत्तम प्रतीचा मूळ मापाचा टायर पुष्कळदा सरस ठरतो, हा या साऱ्या हिशेबाचा ताळेबंद होय.

कायदा आणि विमा

भारतात मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२नुसार, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जर्मनीत अशा चाकांसाठी प्रमाणपत्र लागते आणि आवश्यक तेथे अधिकृत तपासणी करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये बदललेल्या चाकांची माहिती विमा कंपनीस देणे अपेक्षित असते. म्हणून खरेदीपूर्वी परिवहन कार्यालयाचे मत आणि विमा कंपनीची लेखी संमती घ्यावी. अपघातानंतर दावा नाकारला गेला, तर तो भार एकट्या तरुणावर पडत नाही, पेढीवर पडतो.

परिमाण म्हणजे मर्यादा

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतास परिग्रह-परिमाण म्हणतात. त्यात वस्तू बाळगण्यास मनाई नाही. तिला माप घालण्याची आज्ञा आहे. अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्येचाही समावेश आहे, म्हणजे कारणावाचून आणि बेसावधपणे केलेली कृती. चुकीच्या मापाच्या टायरवर वेगाने जाणारी मोटार ही प्रमादाचीच एक आधुनिक तऱ्हा नव्हे काय? तिच्यासमोर येणारा पादचारी किंवा रस्ता ओलांडणारे मुके जनावर यांनी त्या हौसेला संमती दिलेली नसते.

याचा अर्थ तरुणाची हौस मोडून काढावी असा नाही. वडिलांनी नुसते ‘नको’ म्हणण्याऐवजी ‘हिशेब दाखव’ म्हणावे. एका कागदावर रिमची रुंदी, टायरचा व्यास, ऑफसेट, भारांक व वेगाक्षर अशी मूळची आणि नवी मापे समोरासमोर मांडावीत. त्याखाली विमा आणि परवानगी यांची नोंद असावी. टायरच्या कडेवरील चार आकडेही वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा, दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल घेऊ नये. चाके बसविल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून पाहावेत. ज्या तरुणाला हा कागद भरता येतो, त्याच्या हाती मोटार सोपविण्यास घरातील कोणालाही चिंता वाटणार नाही. आणि ज्याला तो भरता येत नाही, त्याने मूळ चाकांवरच समाधान मानावे.